संगणक दान करू नका, रविवार द्या

दर ईदला मी पुण्याहून पोंभुर्ण्याला येतो आणि दर ईदला शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर तोच प्रश्न समोर येतो. "एवढा इंजिनिअर झालास, समाजासाठी काय करतोस?" मी सांगतो की शिक्षकांसाठी एक वेबसाइट चालवतो. तिच्यावर संगणकशास्त्राचे पाठ आहेत, मराठीत, कुणालाही फुकट. विचारणारे चाचा मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न टाकतात, "पण त्यातून आपल्या किती मुलांचा फायदा झाला?"

मागच्या वर्षी हाच प्रश्न एका देणगीदारानं विचारला, आणि त्याच्या हातात चेकबुक होतं. त्याच्या अटी सरळ होत्या. वेबसाइटला लॉगिन लावायचं. साहित्य फक्त आपल्या समाजाच्या शाळांना आणि क्लासेसना द्यायचं. प्रत्येक पानावर त्याच्या ट्रस्टचं नाव टाकायचं आणि पाठ उतरवून घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचा मोबाइल नंबर त्याला द्यायचा. बदल्यात तो दोन माणसांचा वर्षभराचा पगार देणार होता. मी नाही म्हणालो. तेव्हापासून मी गर्विष्ठ झालोय, समाजापासून तुटलोय, असं दोन-तीन ठिकाणांहून कानावर आलं. म्हणून हे उत्तर लिहितोय. ते त्या देणगीदाराला कमी आणि तुम्हाला जास्त आहे. तुम्ही म्हणजे विशी-तिशीतले, कॉम्प्युटर शिकलेले, मराठीत विचार करणारे मुस्लिम तरुण-तरुणी.

खिडकीच्या बाहेर

शाळेत संगणकशास्त्र कशाला, असं विचारलं की बहुतेक जण 'नोकरीसाठी' म्हणतात. माझं कारण दुसरं आहे.

माझी धाकटी बहीण सातवीत असताना तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. शाळेच्या दाखल्यावर आमचं आडनाव इंग्रजीत एका तऱ्हेनं लिहिलेलं होतं, आधार कार्डावर दुसऱ्या. शेख हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहितात हे तुम्हाला सांगायला नको. कुणी मध्ये 'ए-आय' घालतं, कुणी 'ई-आय', कुणी दोन 'ई', आणि कुणी नुसतं 'एस-के' लिहून मोकळं होतं. देवनागरीत जे नाव एक आहे त्याची यंत्राच्या लेखी चार माणसं झाली. अब्बू दुकान बंद ठेवून खिडकीवर गेले. खिडकीतला मुलगा म्हणाला, "सिस्टीम घेत नाही." असे ते तीनदा गेले. चौथ्यांदा गेले तेव्हा मुदत संपलेली होती.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. "सिस्टीम घेत नाही" हे वाक्य खोटं आहे एवढं मला कळत होतं. घेणं-न घेणं सिस्टीम ठरवत नाही, माणूस ठरवतो. कुणीतरी खुर्चीत बसून नियम लिहिला होता, की दोन्ही नावं अक्षरशः सारखी असतील तरच अर्ज पुढे जाईल. तो नियम वेगळाही लिहिता आला असता. उच्चारावरून नावं जुळवायची 'साउंडेक्स' नावाची रीत अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाली, म्हणजे आजचा संगणक यायच्या आधी. दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजायची रीत व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञानं १९६५मध्ये मांडली. तेव्हा दोन शेख एकच असू शकतात, निदान माणसाकडून एकदा तपासून घे, एवढं यंत्राला सांगणं अवघड नव्हतं. ते सांगायचं कुणाला सुचलं नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी बहुधा कुणी शेख बसलेला नव्हता.

देशातला पहिला आधार क्रमांक २०१०मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतर रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, धानविक्रीची नोंदणी, सगळं एकेक करून कुणीतरी लिहिलेल्या नियमांमधून जाऊ लागलं. केंद्र सरकारनं २०२२मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, त्यावर आपण बोललो. बोलायलाच हवं होतं. पण ती चालू असताना स्पेलिंगपायी गेलेल्या शिष्यवृत्त्यांवर आपण कधी आवाज केला? केला नाही, कारण 'सिस्टीम' आपल्याला अवकाळी पावसासारखी वाटते. आली तर सोसायची. मुलांना संगणकशास्त्र शिकवायचं ते यासाठी, की त्यांना सिस्टीम हा पाऊस वाटू नये. तो माणसानं लिहिलेला नियम आहे, तो वाचता येतो, त्यावर हरकत घेता येते आणि तो बदलता येतो, हे त्यांना कळावं.

आता चाचांच्या 'आपल्या'कडे येतो. त्या खिडकीबाहेर पोंभुर्ण्यात एकटा शेख कधीच उभा नसतो. अब्बूंच्या पुढे जी गोंड मावशी उभी होती तिचं नाव रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरं होतं. मागे उभ्या असलेल्या कुणबी काकांच्या सातबाऱ्यावर वडिलांचं नाव चुकलेलं होतं. त्या रांगेतली सगळी मुलं माझ्या हिशेबात 'आपली' आहेत.

आणि कुणाला हे फार गोड बोलणं वाटत असेल तर निव्वळ मुस्लिम मुलांच्या फायद्याचा हिशेब करू. समाजाच्या संस्था, समाजाच्या शाळा कुठे आहेत? भिवंडीत, मालेगावात, नागपूरच्या मोमिनपुऱ्यात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतल्या गावात दहा-वीस घरं मुस्लिमांची असतात आणि त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत बसतात. माझ्या वर्गात आम्ही तिघं मुस्लिम होतो. बाकी कुणबी, तेली, माळी, ढीवर, गोंड, बौद्ध. सगळ्यांना मिळून एकच गुरुजी. सच्चर समितीनं २००६मध्येच सांगितलं होतं, की शाळेच्या वयातली जेमतेम ४ टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात. बाकीची जी शाळेत आहेत ती साध्या शाळेत, सगळ्यांबरोबर आहेत. 'फक्त आपल्या शाळांसाठी' असं कुलूप लावलं की सगळ्यात आधी पोंभुर्ण्यातलं मुस्लिम पोर बाहेर राहतं. त्या मुलापर्यंत जायची वाट त्याच्या गुरुजींमधूनच जाते, आणि गुरुजी सगळ्यांचे आहेत.

"माह्या शाळेत चालत नाही"

मी हे पहिल्यापासून शहाणपणानं केलं असं मुळीच नाही. माझी पहिली वेबसाइट इंग्रजीत होती. काळी पार्श्वभूमी, हलणारी चित्रं, दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ. पुण्यातल्या मित्रांनी वाहवा केली. मी मोठ्या हौसेनं ती माझ्या जुन्या गुरुजींना दाखवली. त्यांनी मोबाइलवर पाच मिनिटं पाहिली आणि म्हणाले, "बाबू, बेस आहे. पन माह्या शाळेत चालत नाही."

मग ते मला शाळेच्या संगणक कक्षात घेऊन गेले. खोलीत मशीन होत्या, त्यांच्यावर कापडाची झाकणं होती आणि झाकणांवर धूळ होती. आपल्या राज्यात हजारो शाळांमध्ये हीच गोष्ट घडली. केंद्राच्या आयसीटी योजनेतून खासगी कंपन्यांनी पाच वर्षांच्या करारावर संगणक आणले आणि शिकवायला कंत्राटी निदेशक नेमले. करार संपला की मशीन शाळेच्या माथी आणि निदेशक घरी. त्या निदेशकांनी मग वर्षानुवर्षं आंदोलनं केली. शाळेच्या शिक्षकाला या सगळ्यात कुणी काही शिकवलंच नव्हतं, त्यामुळे निदेशक गेला त्या दिवशी विषयही गेला.

शाळेत चालू असलेला एकमेव संगणक कार्यालयात होता. त्यावर गुरुजी रात्री आठपर्यंत बसायचे. सरल पोर्टल, यूडायस, आधार जोडणी, पोषण आहाराची माहिती. ते म्हणाले, "कॉम्प्युटर आमच्या शाळेत शिकवाले नाही आला, माहिती मांगाले आला." सरकारी शाळेतल्या संगणकाचं इतकं नेमकं वर्णन मी पुण्याच्या कुठल्याही परिषदेत ऐकलेलं नाही.

२०२३-२४च्या यूडायस अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. उरलेल्या शाळांनी काय करायचं? २०२०चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं की सहावी ते आठवीच्या टप्प्यावर मुलांना कोडिंग शिकवा. ते कुणी आणि कशावर शिकवायचं?

उत्तर फार आधीपासून तयार होतं, मला ते माहीत नव्हतं एवढंच. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्याबरोबर १९९०च्या दशकात 'सीएस अनप्लग्ड' हा संग्रह उभा केला. कार्ड, दोरी, खडू आणि मुलं एवढ्यावर संगणकशास्त्र शिकवायचं. वीज लागत नाही, मशीन लागत नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर, फरीदा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉम्प्युटर मस्ती'ची पुस्तकं आणि शाळांसाठी अभ्यासक्रमाचा आराखडा तयार केला. २०१६मध्ये एसीएम इंडियानं 'सीएसपाठशाळा' सुरू केली. तिथे शिक्षकांसाठी पाठ-नियोजन, सराव, खेळ फुकट आहेत, मराठीतही आहेत. लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली 'बेब्रास' नावाची स्पर्धाही त्यांच्यामुळे आपल्याकडच्या मुलांपर्यंत आली. तिच्यात कोडचं एक अक्षर लागत नाही, फक्त विचार लागतो.

मी माझी वेबसाइट पुसून टाकली आणि नव्यानं सुरुवात केली. मी काही नवं शोधत नाही. जगात जे मोकळं पडलंय ते आमच्या भागातल्या वर्गात चालेल असं करून देतो. नियम गुरुजींनी घालून दिले. एक पाठ म्हणजे एक कागद, पाठपोट. रंग नको, कारण झेरॉक्सवाल्याकडे काळा-पांढराच निघतो. फाइल एवढी हलकी की व्हॉट्सअॅपवर एका दांडीच्या नेटवर्कमध्ये उतरेल. लॉगिन नाही. अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे शिक्षकाला त्यात आपल्या मनासारखा बदल करता येईल. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मराठीचा जो चुराडा होतो तो प्रश्नपत्रिका काढणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

शब्दसुद्धा त्यांचेच. मी 'अल्गोरिदम' लिहिलं होतं. गुरुजी म्हणाले, पोरं भागाकार करतात तेव्हा आपण 'रीत दाखव' म्हणतो ना, मग रीतच म्हण. पुढच्या तासाला त्यांनी वर्गाला तेंदूपत्त्याच्या फळीवर नेलं, तोंडी. आमच्याकडची मुलं मे महिन्यात आईबापाबरोबर पहाटे जंगलात जातात. ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, हे त्यांना पाढ्यांआधी येतं. "मुन्शी हजार पुडे एकेक करून मोजते का?" "नाही गुरुजी, रांगा मोजते." "आन् एका रांगेत एक पुडा कमी असन तं?" वर्गात भांडण लागलं. कुणी म्हणालं सगळं परत मोजा, कुणी म्हणालं फक्त शेवटची रांग तपासा, कुणी म्हणालं रांगेची लांबी बघा. कमी श्रमात बरोबर उत्तर काढायच्या तीन रिती सातवीच्या पोरांनी एका तासात मांडल्या. शाळेत त्या वेळी वीज नव्हती.

चाचा, याला मी फायदा म्हणतो. किती मुलांचा झाला, हे मात्र मला सांगता येणार नाही. लॉगिन नाही म्हणून मोजदाद नाही. ती किंमत मी जाणूनबुजून मोजलेली आहे.

फुकट म्हणजे कसंही नाही

आपल्याकडे 'मोफत' या शब्दाला जुन्या कपड्यांचा वास येतो. उरलंय ते द्या, घेणारा तक्रार करणार नाही. मलाही ती सवय होती. तिची मला लाज वाटली तो प्रसंग सांगतो.

द्विमान संख्यांचा पाठ होता. पाच मुलं पुढे उभी राहतात, हातात १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची कार्डं. कार्ड दिसलं तर १, पालथं असेल तर ०. ३ दाखवायचे तर १६, ८, ४ पालथी आणि २, १ उघडी, म्हणजे फळ्यावर ०००११. मी चित्र काढताना कार्डं धरणाऱ्या मुलांच्या बाजूनं काढलं. वर्ग त्यांच्या समोर बसलेला, त्यामुळे वर्गाला सगळं उलटं दिसलं. ठिपके मोजले तर तीनच, पण मुलांनी लिहिलं ११०००. आणि ११००० म्हणजे २४. शेजारच्या तालुक्यातल्या आश्रमशाळेतल्या एका बाई भर वर्गात अडकल्या. शेवटी चूक एका मुलीनं पकडली. बाईंचा मला फोन आला. रागावल्या नव्हत्या, त्यानं जास्त लागलं. "सर, तुम्ही एकदा वर्गात करून पाहिलं असतं तर बरं झालं असतं."

तेव्हापासून एकही पाठ वर्गात करून पाहिल्याशिवाय चढत नाही. माझं काम महिन्याला हजारो लोक वापरतात असं छातीठोकपणे सांगणाऱ्या विकाऊ अॅपपेक्षा या बाईंचा फोन मला जास्त शिकवून गेला. शिक्षक फुकट साहित्य घेतो तेव्हा तो आपल्या चाळीस मुलांसमोरची पत पणाला लावतो. ते साहित्य चुकीचं असेल तर फुकट असण्यानं भरपाई होत नाही.

चंद्रपूरच्या एका उर्दू शाळेतल्या शिक्षिकेनं असाच दुसरा धडा दिला. त्यांनी पाठ उर्दूत केला आणि कळवलं, की तुमचे बाण चुकताहेत. उर्दू मजकूर उजवीकडून चालतो, पण त्याच मजकुरातले आकडे डावीकडूनच वाचतात. मजकुराचे बाण फिरवायचे आणि कार्डांची रांग तशीच ठेवायची, हे मला घरात उर्दू ऐकत वाढूनही सुचलं नव्हतं. शिक्षकाला बदल करायची मुभा असेल तरच साहित्य सुधारतं. 'अनप्लग्ड'चा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे. घ्या, बदला, वाटा, मूळ कर्त्याचं नाव ठेवा आणि जे कराल तेही असंच मोकळं ठेवा. देणगीदाराचं कुलूप मी कसं लावणार? ते पाठ माझे नाहीतच.

चार हरकती

पहिली हरकत, पोरांना धड वाचता येत नाही, संगणकशास्त्र कसलं? ही हरकत खरी आहे आणि ती घेणाऱ्या शिक्षकाशी मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो, की ठिपक्यांच्या कार्डात बेरीज आहे, रीत लिहिण्यात मराठी आहे. त्यासाठी वेगळा तास लागत नाही. गणिताच्या तासातली वीस मिनिटं पुरतात.

दुसरी, आता एआय सगळं लिहितं, कोडिंग शिकून काय होणार? कोड कुणीही लिहो, अर्ज नाकारायचा नियम काय असावा हे ठरवणारा माणूसच राहील. उलट यंत्र जितकं शहाणं दिसेल तितका खिडकीतला मुलगा ठामपणे म्हणेल, सिस्टीम घेत नाही.

तिसरी, आपण संगणक दान केले तर? कराच, पण आधी त्या शाळेच्या झाकण घातलेल्या मशीन बघून या. केरळनं २००१मध्ये 'आयटी अॅट स्कूल' सुरू केलं तेव्हा बाहेरचा कंत्राटी माणूस आणण्याऐवजी शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं, आणि पुढे मोकळं सॉफ्टवेअर वापरलं. २००२मध्ये 'अक्षय' प्रकल्प सुरू झाला तो मलप्पुरममध्ये, म्हणजे त्या राज्यातल्या मुस्लिमबहुल जिल्ह्यात. प्रत्येक घरातला किमान एक माणूस संगणक वापरू शकला पाहिजे, हे उद्दिष्ट होतं. ते सगळ्या घरांसाठी होतं, आणि त्यामुळेच मुस्लिम घरांपर्यंत पोचलं.

चौथी हरकत नाही, अभिमान आहे. माझ्या प्रत्येक भाषणानंतर कुणीतरी उठून सांगतं की अल्गोरिदम हा शब्द अल्-ख्वारिझ्मीच्या नावावरून आला. आला, खरं आहे. पण हा माणूस नवव्या शतकात बगदादमध्ये बसून काय लिहीत होता ते पाहा. बीजगणिताला ज्याचं नाव मिळालं त्या त्याच्या पुस्तकाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीची उदाहरणं सोडवण्यात गेला आहे. लोकांना वारसा वाटताना, व्यापार करताना, जमीन मोजताना, कालवे खणताना जो हिशेब लागतो त्याच्यासाठी आपण लिहितोय, असं तो सुरुवातीलाच सांगतो. म्हणजे दरबारातल्या विद्वानानं खिडकीबाहेरच्या माणसासाठी रीत लिहून ठेवली. त्याचं नाव व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवायचं आणि आपल्या गावच्या शाळेत वर्षातून एकदाही जायचं नाही, हा त्याचा सन्मान कसा?

मला काय हवं आहे

पैसे फारसे नको आहेत. डोमेन आणि सर्व्हरला वर्षाला दोन-तीन हजार रुपये लागतात, ते माझ्या पगारातून जातात. ज्यांना द्यायचेच आहेत त्यांनी आपल्या तालुक्यातल्या शाळांसाठी झेरॉक्सचा खर्च उचलावा. कागदावर नाव न टाकता.

मला तुमचा महिन्यातला एक रविवार हवा आहे. तुम्ही ज्या शाळेत शिकलात तिथल्या एका शिक्षकाला फोन करा. उद्घाटन नको, बॅनर नको, सत्कार तर नकोच. विचारा, की गुरुजी, तुम्हाला वर्गात काय लागतं? आणि मग गप्प बसून ऐका. शिकवायला जाऊ नका, ते काम त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येतं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षक एकत्र जमतात, तिथे कोपऱ्यात बसून त्यांच्या अडचणी लिहून आणा. एक पाठ तपासा. एक पाठ उर्दूत करा. गोंडी येणारा मित्र असेल तर त्याला सोबत घ्या.

आणि एका पाठासाठी मला खास मदत हवी आहे. दोन वर्षं तो अर्धा पडून आहे. त्याचं नाव 'दोन नावं, एक माणूस?' असं आहे. मुलांना चिठ्ठ्या दिल्या जातात, एकाच नावाची वेगवेगळी स्पेलिंग असलेल्या. यंत्र बनून त्यांनी ठरवायचं, कुठली दोन नावं जुळतात. मी पोंभुर्ण्यात पहिल्यांदा करून पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, मुलं लगेच म्हणतील की नियम सैल करा. म्हणालीही. एक अक्षर इकडेतिकडे चालेल, दोनही चालतील. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिच्या वर्गात तिच्याच नावाची दुसरी मुलगी आहे, वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक. ती म्हणाली, "मग माझी शिष्यवृत्ती तिले जाईन ना, सर."

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. घट्ट नियमानं माझी बहीण बाहेर राहिली. सैल नियमानं या मुलीचा हक्क दुसरीच्या खात्यात जाईल. फरक किती अक्षरांचा चालवायचा, शंका आली तर नाकारायचं की माणसाकडे पाठवायचं, त्या माणसानं किती दिवसांत उत्तर द्यायचं, चुकलं तर दाद कुठे मागायची? त्या दिवशी घंटा झाली तरी वर्ग उठला नाही. या प्रश्नांवर भांडणारा तो वर्ग खिडकीच्या आतल्या बाजूनं विचार करत होता, आणि त्यात एक पठाण, दोन आत्राम, एक गेडाम आणि बाकी कोण-कोण होते.

तो पाठ मला एकट्याला पुरा करता येत नाही. कार्डांवरची नावं कुठली घ्यावी, म्हणजे कुठल्याही मुलाला आपल्या नावाची थट्टा वाटणार नाही, हे ठरवायला चार घरांतली चार माणसं लागतील. येत्या रविवारी तुमच्या घरातली कागदपत्रं काढा, आपलं नाव किती प्रकारे लिहिलं गेलंय ते पाहा. तिथून सुरुवात करू.